पोथी उघडी राहिली पाहिजे : घरच्या घरी पुस्तकबांधणी

आमच्या वाचनालयात पोथ्या दुरुस्तीला येतात त्या आषाढ संपता संपता. श्रावणात पारायण बसायचं असतं. वर्षभर कपाटात असलेली पोथी रुमालातून सोडली की लक्षात येतं, पाठ सुटली आहे आणि मधली आठ-दहा पानं हातातच आली आहेत. मग एखादे काकाजी ती छातीशी धरून येतात. "भाऊ, इले जरासा फेविकॉल लावून दे बरं. सोमवारी बसाचं हाये."

तो जरासा फेविकॉल मी लावत नाही. पाठीवर पांढरा गोंद थापला की पोथी घट्ट होते खरी, पण उघडी राहत नाही. वाचणाऱ्याचा एक हात पान दाबून धरण्यातच जातो. जोर देऊन उघडली की पान गोंदाच्या कडेशी तुटतं, आणि वाळलेला हा गोंद पाण्यानं सुटत नसल्यामुळे पुढच्या वेळी बांधणाऱ्याच्या हाती कागदाचे तुकडेच येतात. बांधणी चांगली की वाईट हे मी दोनच गोष्टींवरून ठरवतो. चौरंगावर ठेवलेलं पुस्तक आपणहून सपाट पडतं का, आणि उद्या दुसऱ्या कुणाला ते कागद न फाडता सोडता येईल का. खाली जे सांगतो आहे ते सगळं या दोन प्रश्नांसाठी.

पहिला हात पोथीवर मारू नका. आधी कोऱ्या वह्या बांधा. दोन बिघडतील, तिसरी बरी होईल.

सामान

बहुतेक घरातच सापडतं. दाभण मात्र नको. पोती शिवायचं दाभण कागदाला फार मोठं भोक पाडतं. चपला शिवणाऱ्याकडची बारीक आरी चालते, नाहीतर जाड सुई लाकडी मुठीत बसवून घ्या. शिवायला बोथट टोकाची सुई आणि वाकळ शिवायचा जाड सुती दोरा लागतो. दोरा मधाच्या पोळ्याच्या मेणावरून दोन-तीनदा ओढून घ्यायचा. मग तो गुंतत नाही आणि गाठ सरकत नाही. नायलॉनचा दोरा फार मजबूत असतो, म्हणूनच नको. ताण आला की दोरा तुटायला हवा, कागद नाही.

घडी दाबायला बांबूची कामटी घ्या. बोटभर रुंद, टोकं गोल केलेली, पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत. शहरातले लोक याच कामासाठी हाडाची पट्टी विकत आणतात. शिवाय कटर, स्टीलची पट्टी, गुण्या, दोन इंची ब्रश, दोन मिलिमीटर जाडीचा ग्रे बोर्डाचा पुठ्ठा, अर्धा इंच रुंद सुती फित, थोडी मलमल आणि वरून चढवायला मांजरपाट किंवा खादी. रेक्झिन पुसता येतं, म्हणून ग्रामपंचायतीच्या रजिस्टरांना ठीक. पण मैद्याची खळ त्याला नीट धरत नाही आणि काही वर्षांनी ते तडकतं.

वजनाला पाटा. मिक्सर आल्यापासून तो बहुतेक घरात रिकामाच आहे.

कागदाचा उभा-आडवा

नवा माणूस हे सोडून देतो आणि मग वही फुगली म्हणून कागदाला शिव्या घालतो. कापडाला जसा ताणा असतो तशी मशीनवर तयार झालेल्या कागदालाही दिशा असते. आतले तंतू बहुतांशी एकाच बाजूला झोपलेले असतात. बाइंडर याला ग्रेन म्हणतात. ओल लागली की कागद या दिशेला जवळजवळ वाढत नाही, आडव्या दिशेला वाढतो. म्हणून ग्रेन नेहमी पुस्तकाच्या पाठीला समांतर हवी. उलटी असली तर खळ लागताच पाठीजवळ लाटा येतात आणि पानं उलटताना ताठ उभी राहतात.

ओळखायची कशी? वर्तमानपत्र उभं फाडून पाहा, सरळ रेषेत फाटतं. आडवं फाडा, वाकडंतिकडं जातं. कोरा कागद फाडायची गरज नाही. घडी न पाडता हलकेच वाकवा, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. जिकडून कमी जोर लागतो, त्या वाकेला समांतर ग्रेन असते. पुठ्ठाही असाच वाकवून पाहायचा.

आता गंमत अशी की बाजारातल्या ए-फोर कागदाची ग्रेन बहुतेक वेळा लांबीच्या बाजूनं असते. तो मधून दुमडून वही केली की ग्रेन पाठीला आडवी येते, म्हणजे नेमकी चुकीची. उपाय सोपा आहे. ए-थ्री कागद घ्या, ग्रेन लांबीला आहे ना ते पाहा आणि मधून कापून त्याचे दोन ए-फोर करा. या तुकड्यांची ग्रेन रुंदीला येते, आणि दुमडल्यावर पाठीला समांतर बसते. झेरॉक्सवाल्याकडे ए-थ्री मिळतो.

हातकागदाला ही कटकट नाही. साच्यात लगदा घेऊन चौफेर हलवलेला असल्यामुळे त्यातले तंतू सगळीकडे पसरतात. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला तेव्हा हातकागद हा त्याच्या मुख्य उद्योगांपैकी एक होता, आणि १९३८ साली तिथेच मगन संग्रहालय उभं राहिलं. आम्ही वर्धेकर त्याचा अभिमान फार सांगतो आणि वह्या मात्र मिलच्या कागदाच्या वापरतो, मीही त्यातलाच. पण अस्तरासाठी, म्हणजे पुठ्ठ्याला आतून चिकटवायच्या कागदासाठी, हातकागद मिळाला तर जरूर घ्या. खळीनं ओला झाला तरी तो समजूतदारपणे वागतो.

खळ

एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. मैदा आधी एका वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, उरलेलं पाणी कोमट करून त्यात मिसळा आणि मंद आचेवर सतत ढवळत राहा. आधी ती पांढरी आणि पातळ दिसते, मग घट्ट होते, आणि पंधराएक मिनिटांनी तिला थोडी चमक येऊन ती जराशी पारदर्शक होते. तिथे थांबायचं. गार झाल्यावर जुन्या ओढणीतून गाळून घ्या. ब्रशवरून पडताना ती दह्यासारखी पडली पाहिजे. पाठीला जरा घट्ट, कापडाला जरा सैल. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबते, फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते. वास बदलला की टाकून द्या.

जुने कारागीर खळीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालायचे, कसर आणि झुरळ लागू नये म्हणून. मोरचूद आपल्याकडे नवं नाही. वरूड-मोर्शीकडचे संत्रावाले झाडाच्या बुंध्याला बोर्डो मलम लावतात, त्यातलंच ते. एखाद्या हिशेबाच्या वहीला चालून जाईल, पण जपायच्या पुस्तकाला घालू नका. तांबं कागदाला हळूहळू आतून खातं. तुरटीचंही तसंच, तिच्या आंबटपणानं कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. मी लवंगेच्या तेलाचे चार थेंब टाकतो. आणि मोरचूद घातलंच, तर ते पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. विष आहे ते.

शिलाई

वीस ए-फोर तुकडे घ्या. चार-चार कागद एकत्र दुमडून पाच गठ्ठे करा. एका गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. जुने लोक जुज म्हणतात आणि या साऱ्या पद्धतीला जुजबंदी. घडी कामटीनं दाबा, पाची फर्मे रात्रभर पाट्याखाली ठेवा.

सकाळी त्यांची पाठ एका रेषेत आणून पेन्सिलीनं खुणा करा. ए-फोर दुमडल्यावर पाठ २१० मिलिमीटर होते. वरच्या टोकापासून १५, ६०, ७३, १३७, १५० आणि १९५ वर खूण करायची. ६० आणि ७३ च्या मधून एक फित जाणार, १३७ आणि १५० च्या मधून दुसरी. प्रत्येक फर्मा उघडून आतल्या घडीतून, बरोबर घडीच्या रेषेवर, आरीनं सहा भोकं पाडा. रेषेच्या बाजूला पडलेलं भोक पुढे फाटतं.

फितीचे दोन तुकडे कापा, पाठीच्या जाडीपेक्षा दोन्हीकडे तीन-तीन सेंटिमीटर जास्त. टेबलाच्या कडेला चिकटपट्टीनं उभे लटकवा. दीड मीटर दोरा सुईत ओवा. एकेरीच, आणि शेवटी गाठ नको.

पहिला फर्मा टेबलाच्या कडेशी ठेवा, पाठ तुमच्याकडे. उजव्या टोकाच्या भोकातून बाहेरून आत शिरा आणि दोऱ्याची चार बोटं शेपटी बाहेर सोडा. आतून पुढच्या भोकापर्यंत जा, बाहेर या, फितीवरून जाऊन लगेच पलीकडच्या भोकात शिरा. पुन्हा आतून पुढे, बाहेर, दुसऱ्या फितीवरून, आत. मग शेवटच्या भोकातून बाहेर. फित शिवली जात नाही, तिला फक्त मिठी बसते. दोरा फितीत घुसला तर ताण देताना हलणार नाही, म्हणून सुई तिच्यावरूनच न्या.

दुसरा फर्मा पहिल्यावर ठेवा. त्याच्या डाव्या टोकाच्या भोकात शिरा आणि तसंच उजवीकडे परत या. बाहेर आलात की सोडलेली शेपटी समोर असेल. तिच्याशी दोन गाठी मारा.

तिसऱ्यापासून एक गोष्ट वाढते. टोकाला पोचल्यावर लगेच चौथ्यावर उडी घ्यायची नाही. सुई खालच्या दोन फर्म्यांच्या मध्ये घाला, त्यांना जोडणाऱ्या टाक्यामागून काढा, फासातून ओढा आणि मग वर चढा. ही साखळी गाठ. तिच्यामुळे टोकं एकमेकांना धरून राहतात. पाचव्या फर्म्याच्या शेवटी ती दोनदा घालून दोरा कापा.

दोरा ओढताना पाठीच्या समांतर ओढा. स्वतःच्या छातीकडे ओढलात की भोकापासून घडी फाटलीच समजा. माझ्या पहिल्या वहीचे दोन फर्मे असेच गेले होते. ताण किती? पाठ बोटांनी दाबली की फर्मे सरकू नयेत, पण वही उघडल्यावर दोरा कागदात रुतलेला दिसू नये.

पुस्तकाच्या कडेनं आरपार भोकं पाडून शिवायची एक सोपी पद्धत आहे, पावत्यांच्या गठ्ठ्यांना करतात ती. मजबूत असते, पटकन होते, पण आतल्या समासाचे दोन बोटं खाते आणि पुस्तक कधीच पूर्ण उघडत नाही. रेशनच्या पावत्यांना करा, पोथीला नको.

शिवून झालं की अस्तर. दोन कागद मधून दुमडा, घडीच्या कडेला जेमतेम तीन मिलिमीटर खळ लावा आणि एक पुढे, एक मागे चिकटवा. मग गठ्ठा दोन लाकडी पाटांमध्ये दाबून पाठीवर खळ चोळा; फर्म्यांच्या फटीत ती बोटानं मुरवायची. वर मलमलीची पट्टी, दोन्ही बाजूंना अडीच सेंटिमीटर बाहेर राहील अशी. मलमलीवर ब्राउन पेपरची पट्टी, ती मात्र पाठीपुरतीच. वाळू द्या.

आणि कूलरसमोर वाळवू नका, हे मुद्दाम सांगतो. मे महिन्यात घरात दुसरी गार जागा नसते म्हणून सगळं कूलरपुढे ठेवायची आपली सवय. पण त्यातून येते ती ओली हवा. एका बाजूनं ओलावा आणि दुसऱ्या बाजूनं पंचेचाळीस डिग्रीची झळ, यात पुठ्ठ्याची पापडासारखी गत होते. मेमध्ये बांधायचंच असेल तर पहाटे, दारं बंद ठेवून. पावसाळ्यात खळ दोन-दोन दिवस वाळत नाही आणि बुरशी धरते. कपाशीची पहिली वेचणी झाल्यापासून होळीपर्यंतचे दिवस या कामाला सगळ्यांत चांगले.

पुठ्ठा चढवणं

आपल्या वहीचं पान १४८ बाय २१०. पुठ्ठे दोन, १४५ बाय २१६. वर-खाली तीन-तीन मिलिमीटर बाहेर राहतात, आणि पाठीजवळ थोडी जागा सुटते. पाठीची पट्टी २१६ उंच. रुंदी म्हणजे शिवलेल्या गठ्ठ्याची जाडी अधिक दोन्ही पुठ्ठ्यांची जाडी. हे मोजूनच घ्या, माझा आकडा वापरू नका, कारण तुमचा कागद वेगळा असेल. ग्रेन सगळीकडे उभी.

मांजरपाटातून खळ पाझरून वर डाग पडतो. म्हणून कापडाला मागून पातळ कागद खळीनं चिकटवून आदल्या दिवशीच वाळवून ठेवा. मग त्यावर पुठ्ठा, सात मिलिमीटर फट, पाठीची पट्टी, पुन्हा सात मिलिमीटर फट, दुसरा पुठ्ठा असं मांडून पेन्सिलीनं आखा. कडेनं दीड-दोन सेंटिमीटर कापड सोडा. कोपरे तिरपे कापा, पण पुठ्ठ्याच्या टोकापासून तीन-चार मिलिमीटर जागा ठेवून. अगदी टोकाला कापलं तर पुठ्ठ्याचं नाक बाहेर डोकावतं. आधी वरची-खालची बाजू दुमडा, कोपऱ्यातली चुणी नखानं आत दाबा, मग उभ्या बाजू.

कव्हर वाळताना बाहेरच्या बाजूला वाकेल. घाबरू नका. कापड आक्रसतं म्हणून ते वाकतं. आतून अस्तर चिकटलं की तेही वाळताना ओढतं आणि पुठ्ठा सरळ होतो.

शेवटची पायरी धीरानं. गठ्ठा कव्हरात नीट बसवून पाहा. अस्तराच्या दुमडीत प्लॅस्टिकचा कागद सरकवा, म्हणजे ओल आत जाणार नाही. फिती आणि मलमल अस्तरावर सपाट चिकटवा, मग सगळ्या अस्तराला पाठीकडून बाहेर अशी खळ लावा आणि कव्हर वरून मिटा. अस्तर उचलून कव्हरावर नेऊ नका, कव्हर अस्तरावर आणा. दुसरी बाजूही तशीच. पाठीजवळच्या दोन्ही खाचांत स्वेटर विणायची एकेक सुई ठेवून वर फळी आणि पाटा ठेवा. सुया खाच पाडतात आणि कव्हर बिजागरीसारखं वळतं. पहिल्या तासानंतर एकदा प्लॅस्टिक बदला, मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाहूसुद्धा नका. मला हे आजही जमत नाही.

आता ती पोथी

आधी पानं मोजा. आलेल्या निम्म्या पोथ्यांत एखादं पान गेलेलं असतं, आणि ते तुम्हीच हरवलं असं नंतर ठरतं. आणणाऱ्यासमोर मोजा.

मग शिलाई आहे की नुसता गोंद, ते पाठीत डोकावून पाहा. शिलाई असेल तर जुनी खळ ओल्या फडक्यानं भिजवून खरवडा, दोरे कापा, फर्म्यांना पेन्सिलीनं नंबर घाला. घडीवर फाटलेल्या पानांना पातळ पांढऱ्या हातकागदाची सेंटिमीटरभर पट्टी खळीनं लावा. पतंगाचा कागद वापरू नका, त्याचा रंग उतरतो. चिकटपट्टी तर कधीच नाही. तिचा प्लॅस्टिक पापुद्रा पुढे गळून पडतो आणि पिवळा चिकट डाग कागदात कायमचा राहतो. पट्ट्या वाळल्या की वहीसारखंच शिवायचं.

नुसत्या गोंदाचं पुस्तक असेल, म्हणजे सगळी सुटी पानं, तर फर्मेच नाहीत. तिथे खळ पुरत नाही हे मान्य करायला हवं. पानं एका बाजूला पत्त्यांसारखी सरकवून कडेला पांढऱ्या गोंदाचा पातळ हात द्यायचा, मग उलट बाजूला सरकवून पुन्हा. प्रत्येक पानाच्या कडेला दोन्हीकडून केसभर गोंद मिळतो आणि पुस्तक बऱ्यापैकी उघडतं. माझ्या नियमाला हा एक अपवाद, आणि तोही नाइलाजाचा.

कडा कापून घ्यायच्या मोहात पडू नका. आजोबांची गुरुदेव सेवा मंडळातली भजनांची वही मी बांधली आणि कडा सरळ दिसाव्यात म्हणून तालुक्याला एका प्रेसमध्ये कटिंगला नेली. यंत्रानं तीन-चार मिलिमीटर घेतले. घरी येऊन उघडली, तर समासात त्यांनी पेन्सिलीनं लिहिलेल्या चालींची पहिली अक्षरं गेली होती. कापणाऱ्याचा दोष नाही, मीच रेघ दाखवली होती. आज कुठली चाल भूपाची आणि कुठली कशाची, हे आम्ही अंदाजानं म्हणतो.

आणि हाती लिहिलेली जुनी पोथी आली तर बांधूच नका. रिद्धपूरला महानुभावांची हस्तलिखितं ज्या काळजीनं जपली गेली, तशी काळजी आपल्या कपाटात होईल असं नाही. पण निदान बिघाड तरी करू नये. काजळाची शाई डिंकावर बसलेली असते, खळीच्या ओलीनं ती पसरते. शिवाय सुटी पानं ही त्या पोथीची मोड नाही, तिची तीच रीत आहे. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळा, दोन्हीकडे पुठ्ठा ठेवा, जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर ठेवा. उधई भिंतीतूनच येते. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला.

काम झालेल्या पुस्तकाच्या मागच्या अस्तरावर, खालच्या कोपऱ्यात, मी पेन्सिलीनं बारीक लिहितो: महिना, साल, "खळ, सुती दोरा, फित". गोंद वापरला असेल तर तेही. परवा एक पोथी आली, तिच्यात असंच लिहिलेलं सापडलं, अक्षर माझं नव्हतं. पाठ भिजवली, दहा मिनिटांत सगळे फर्मे सुटे झाले.